कुठे चुकलंय तेवढं सांगा

१

जुनी मनगटी घड्याळं विकत घेणाऱ्यांबद्दल पारख्याचं मत एका शब्दात सांगण्यासारखं होतं, पण तो शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नव्हता. विकणाऱ्यांबद्दलचं मत त्याहून वाईट होतं. आणि जुनी घड्याळं घासूनपुसून, रंगवून नवी करणाऱ्यांना तर तो माणसांत धरतच नसे. पोट मात्र या तिन्ही जातींवरच चाललेलं होतं. त्याबद्दल त्याने कधी कुणाचे आभार मानल्याचं कुणाला आठवत नाही.

बाजारात त्याला तोंडावर 'पारखीसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'नकारघंटा'. त्याला दोन्ही नावं ठाऊक होती. कुणी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ भक्तिभावाने पुढे ठेवलं की हा खिशातलं भिंग काढून डोळ्यात अडकवी, दोन क्षण बघे आणि घड्याळ परत सरकवी.

"रंगवलंय."

"अहो, पण आजोबांच्या काळापासून घरात आहे!"

"मग आजोबांनी रंगवलं असेल. तबकडीवरची अक्षरं बघा, सुजल्यासारखी जाड. कडा बघा, पॉलिश मारून मारून साबणाच्या वडीसारख्या झाल्यात. काटे तिसऱ्याच घड्याळाचे. आजीबाईला पावडर-लाली लावून कॉलेजात पाठवलीय तुम्ही."

लोक चिडत, वाद घालत, क्वचित रडतही. पारख्याला त्याचं काही वाटत नसे. त्याचं म्हणणं साधं होतं: जुनेपणा सगळीकडे सारखा येत नाही. माणूस बसतो तिथेच खुर्ची झिजते. ज्याला हे दिसत नाही त्याने जुन्या वस्तूंच्या नादी लागू नये, प्लॅस्टिकचं घड्याळ बांधावं आणि सुखाने मरावं.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांच्या किडक्या दातांत सिमेंट भरणाऱ्या या गृहस्थाला घड्याळ मात्र शंभर टक्के अस्सल लागे. एका सकाळी त्याचा फोन आला.

"पारखीसाहेब, एक बाई आहेत. वडिलांचं घड्याळ विकतायत. फोटो बघून माझी झोप उडालीय."

"तुमची झोप फोटो बघून उडते हे कळलंय, म्हणूनच लोक तुम्हाला फोटो पाठवतात."

"हसा, हसा. पण एक विचित्र आहे. किंमत सांगतच नाहीत. म्हणतात, आधी चांगला जाणकार माणूस पाठवा. अस्सल आहे की केलेलं आहे ते त्याला सांगू दे. मग पुढचं."

किंमत न सांगणारा विकणारा पारख्याने अजून पाहिला नव्हता. असा माणूस एकतर शुद्ध मूर्ख असणार किंवा फार पोहोचलेला. दोघांनाही तोंडावर पाडायला त्याला सारखंच आवडे. तो त्याच दुपारी निघाला.

२

इमारत जुनी पण नेटकी होती. जिन्यात फरशी पुसायच्या औषधाचा वास होता. तिसऱ्या मजल्यावरचं दार बाईंनी बेल वाजायच्या आतच उघडलं. पन्नाशीच्या आसपासच्या, चष्मेवाल्या, केस घट्ट मागे बांधलेल्या. चेहरा असा, की बरेच दिवस कुणी त्यांना नीट झोपू दिलं नसावं.

"या. चपला राहू द्या. आवाज मात्र जरा बेतानं."

बैठकीची खोली पाहताच पारख्याने मनात नाक मुरडलं. सोफ्यावर अभ्रे, अभ्र्यांवर आणखी छोटे अभ्रे. काचेच्या कपाटात मुलीची शाळेतली बक्षिसं, धूळ पुसून ओळीने लावलेली. ज्या घरात वस्तू वापरण्यापेक्षा झाकण्याकडे लक्ष जास्त, ते घर. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि आत कुणीतरी वर्तमानपत्र वाचत होतं. पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

बाईंनी खिडकीजवळचं टेबल मोकळं केलं, पांढरा कपडा अंथरला, त्यावर घड्याळ ठेवलं. पारखी खुर्चीत बसला, भिंग डोळ्यात अडकवलं, आणि पहिल्याच नजरेला तो आणखी खाली वाकला.

तबकडीला कुणाचा हात लागलेला नव्हता. अक्षरं बारीक आणि धारदार. रंग सायीसारखा पिवळसर झालेला, कडेला जास्त, मध्यावर कमी, म्हणजे जसा व्हायला हवा तसा. पट्टा अडकतो त्या शिंगांच्या कडा शाबूत. मनगटाचं हाड घासतं त्या बाजूला मागचं झाकण किंचित झिजलेलं. कानाशी धरलं तर टिकटिक एकसारखी, खणखणीत. इतकं अस्सल घड्याळ त्याच्या हातात कित्येक वर्षांत आलं नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग. 'हो' म्हणायची त्याला सवय नव्हती.

त्याने सुरीच्या टोकाने मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. घड्याळ साफ केलं की कारागीर आपली खूण तिथे कोरून ठेवतो. वेगवेगळ्या हातांच्या, वेगवेगळ्या काळातल्या खुणा होत्या त्या. म्हणजे घड्याळ वेळोवेळी उघडलं गेलं होतं, सांभाळलं गेलं होतं.

मग त्याने यंत्रातले स्क्रू पाहिले.

एकही स्क्रू कधी फिरलेला नव्हता. कितीही हलक्या हाताचा कारागीर असो, स्क्रूच्या खाचेत पेचकस बसला की कडेला ओरखडा उठतोच. इथे खाचा आरशासारख्या होत्या. इतक्या जणांनी उघडून, साफ करून, वर सह्या ठोकलेल्या यंत्राला आजवर कुणी हातच लावलेला नव्हता.

"हं," पारखी म्हणाला. त्याला बरं वाटलं. चोर सापडला होता.

त्याने जास्त ताकदीचं भिंग लावलं आणि झाकणावरचे ओरखडे पाहिले. रोजच्या वापरातल्या घड्याळावर ओरखड्यांची गर्दी असते, एकावर एक, जुन्याला नवा कापत जाणारा. इथे एकही ओरखडा दुसऱ्याला छेदत नव्हता. दोन ओरखडे जवळ आले की थांबत होते. जणू कुणीतरी ते बघून बघून गिरवले होते, आणि गिरवणाऱ्याला ओरखडा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. फक्त तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढं दिसलं होतं.

पारख्याने मान मोकळी केली. घड्याळ अजून उघडंच होतं आणि टिकटिक चालू होती. त्याने सहज यंत्रातल्या चाकाकडे पाहिलं. जे चाक मागेपुढे झुलतं आणि ज्याच्या झुलण्यानेच टिकटिक होते, ते चाक.

ते स्थिर होतं.

त्याने भिंग काढलं, डोळा चोळला, पुन्हा लावलं. चाक स्थिर. टिकटिक चालू. कानात बसलेला आवाज असेल, त्याने स्वतःला समजावलं. दिवसभर घड्याळं कानाशी धरणाऱ्याला होतं असं कधीकधी. त्याने झाकण बसवलं. आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की इतका वेळ ती पानं अगदी एकसारख्या अंतराने उलटत होती. आतल्या माणसाला एकही बातमी जरा लांब किंवा जरा रंजक लागलेली नव्हती.

३

"नक्कल आहे," पारखी म्हणाला. "चांगली आहे. मी पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगली. पण नक्कल."

बाई वाद घालतील अशी त्याची अपेक्षा होती. त्या समोरच्या खुर्चीत हळूच टेकल्या.

"नक्की?"

"बाई, मी उगाच..."

"हळू बोला. त्याला ऐकू जातं."

"कुणाला?"

बाईंनी नजरेनेच आतल्या खोलीकडे दाखवलं. पारखी गोंधळला. आत नवरा असणार हे उघड होतं. पण या वयाची, अशा अभ्रेवाल्या घरातली बाई नवऱ्याला 'हे' म्हणते. फार तर नावाने हाक मारते. परक्यासमोर 'त्याला' म्हणत नाही.

"तुमचे मिस्टर?"

बाईंनी टेबलावरच्या कपड्याची चुणी सारखी केली.

पारख्याला या असल्या घरगुती नाटकांचा मनापासून तिटकारा होता. त्याने सगळं प्रकरण एका दमात निकालात काढलं. "हे बघा, सोपं आहे. तुमच्या मिस्टरांनी खरं घड्याळ बाहेर विकलं. कशासाठी ते मला विचारू नका, त्यांना विचारा. आणि तुम्हाला कळू नये म्हणून ही नक्कल करून घेतली. नवरे काय वाट्टेल ते विकतात."

"असं असतं तर किती बरं झालं असतं हो," बाई म्हणाल्या. आणि अगदी मनापासून म्हणाल्या.

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. नवरा धरणांच्या तपासणीचं काम करी. मागच्या हिवाळ्यात एका धरणाच्या पोटातल्या बोगद्यात तपासणीला उतरला, बरोबरच्या लोकांपासून चुकला. रात्रभर शोध चालला. दुसऱ्या दिवशी तो बोगद्याच्या दुसऱ्याच तोंडाने बाहेर आला. कुठे खरचटलंही नव्हतं. घरी आला, हातपाय धुतले, जेवला. मनगटावर हे घड्याळ होतंच. बाईंच्या वडिलांनी त्याला दिलेलं.

"मग?" पारखी म्हणाला. "बदलला का? मारतो? पितो?"

"काहीच नाही. सगळं बरोबर करतो. हे पूर्वी शिंकायचे तर दोनदा शिंकायचे. आताही दोनदाच. पण रोज सकाळी, उठल्या उठल्या. सर्दी असो नसो. दात घासावेत तसं शिंकतो." बाईंनी कपड्याची कड चिमटीत धरली. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. कुणाला सांगू? काय सांगू? मग वाटलं, निदान घड्याळ तरी कुणाला दाखवता येईल. तुम्ही अस्सल म्हणाला असतात ना, तर मी उद्या डॉक्टरकडे जाऊन गोळ्या सुरू केल्या असत्या. शपथ. आनंदाने."

"वेडेपणा आहे."

"माझी मुलगी बाहेरगावी शिकते. सुट्टीला यायचं म्हणते. एकदा सांगितलं घराला रंग काढलाय, एकदा सांगितलं मी आजारी आहे, तुला लागण होईल. आता तिसरं कारण सुचत नाही मला." त्यांनी मान वर केली. "आता कळलं. आता मी तिला सरळ सांगणार आहे, येऊ नकोस. मीच तिकडे निघून जाणार आहे."

पारख्याला दया आली नाही. त्याच्या मनात आलं ते असं, की बायका एका स्क्रूवरून केवढा डोंगर उभा करतात. सांगणारही होता तो तसं. पण त्याच वेळी त्याच्या ध्यानात आलं, की बराच वेळ पान उलटलेलं नाही.

४

आतलं दार उघडलं आणि नवरा बाहेर आला. हातात पाण्याचा पेला. उंच, सडसडीत, घरातल्या कपड्यांतला एक सभ्य माणूस. हनुवटीवर जुनी, तिरपी खूण. त्याने पेला पारख्यापुढे ठेवला आणि खुर्ची ओढून घेतली.

"माफ करा, कानावर पडलं. तुम्ही म्हणालात नक्कल आहे. कुठे चुकलंय तेवढं सांगाल?"

बाई पारख्याकडे पाहत होत्या. त्यांनी मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवली. पारख्याने ते पाहिलं. पुढे त्याने स्वतःला कितीही समजावलं तरी हे त्याला नाकारता आलं नाही, की त्याने ते पाहिलं होतं.

पण हा प्रश्न आजवर त्याला कुणी विचारला नव्हता. लोक भांडत, शिव्या देत, दुसऱ्या पारख्याकडे जायची धमकी देत. इतक्या वर्षांत खुर्ची ओढून, हात गुडघ्यांवर ठेवून, चांगल्या विद्यार्थ्यासारखं तोंड करून 'कुठे चुकलंय' असं एकाही माईच्या लालाने विचारलं नव्हतं. पारख्याची कळी खुलली. तो सांगू लागला.

"पहिली गोष्ट, स्क्रू. झाकणावर कारागिरांच्या खुणा करायच्या आणि स्क्रू कोरे ठेवायचे, हा गाढवपणा आहे. ज्याने केलं त्याने बाहेरून बघून केलं. घड्याळ उघडतात कशाला, हेच त्याला ठाऊक नाही."

"कशाला उघडतात?"

"साफ करायला. तेल द्यायला. त्यासाठी स्क्रू फिरवावे लागतात, आणि फिरवला की खाचेच्या कडेला असा, उजवीकडून ओरखडा पडतो."

"असं होय."

"दुसरं, हे ओरखडे. हे एकमेकांना लाजतायत. खरा ओरखडा कुणाची भीड ठेवत नाही. जुना असतो त्याची कड बोथट होते, नवा त्याच्यावरून आडवा जातो. तिसरं, घड्याळ कधीतरी महिनोन् महिने बंद पडून राहतं. काट्यांवर चमकायचं रेडियम असतं, ते जिथे थांबतं तिथे तबकडीवर करपल्यासारखी सावली पडते. इथे सावली नाही. म्हणजे हे घड्याळ जन्मात कधी थांबलेलंच नाही. आणि चाक! अहो, ते चाक फिरतच नाही."

"ते फिरावं लागतं?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात खरं कुतूहल होतं. "आतून कुणी बघतं, असं वाटलं नव्हतं."

पारखी या वाक्यावर हसला. त्याला ते विनोदाने म्हटल्यासारखं वाटलं. भिंग अजून त्याच्या डोळ्यातच होतं आणि नवरा नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकला होता. भिंगासमोर त्याची हनुवटी आली, ती तिरपी खूण आली, आणि जन्माची सवय अशी, की विचार करायच्या आधीच पारख्याचं तोंड उघडलं.

"खुणेतून केस उगवलेत. जखमेच्या व्रणात केस उगवत नाहीत."

नवऱ्याने एका बोटाने हनुवटी चाचपली, खुणेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अच्छा," तो म्हणाला. "अजून?"

भिंगात आता त्याचा डोळा आला होता, आणि डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या. पुष्कळ होत्या, या वयाला असाव्यात तितक्या. एकही दुसरीला छेदत नव्हती. जवळ आल्या की थांबत होत्या.

पारख्याने नजर खाली घेतली. समोर पाण्याचा पेला होता. त्याला हात लावायचा धीर त्याला झाला नाही.

"अजून काही नाही," तो म्हणाला.

"आहे," नवरा सौम्यपणे म्हणाला. "तुम्ही मध्येच थांबलात."

पारख्याने भिंग खिशात कोंबलं आणि उठला. काय बोलला ते त्यालाही नीट आठवत नाही. दुसरीकडे जायचंय, उशीर झालाय असं काहीसं. बाई दारापर्यंत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर पारख्याला सोपं गेलं असतं.

"मी एक विचारलं होतं," त्या पुटपुटल्या. "हो की नाही, एवढंच. तुम्ही त्याला शिकवून ठेवलंत."

५

पारखी आपल्या मोठ्या बहिणीकडे राहत असे. ताईने त्याला लहानपणी चालायला शिकवलं होतं आणि तेव्हापासून ती त्याच्या प्रत्येक पावलात खोट काढत आली होती. पारखीपणा बहुधा घराण्यातलाच. जेवताना त्याने तिला अर्धीमुर्धी हकिगत सांगितली, ती जणू एक गंमत म्हणून. नवरा-बायको दोघंही डोक्याने अधू, एवढं तात्पर्य काढून.

ताई हसली नाही. "विचारलं बाईने आणि उत्तर दिलंस त्याला. का?"

"त्याने नीट विचारलं म्हणून."

"तुला कुणी नीट विचारलं की तू घरही लिहून देशील. भात वाढू?"

तो चिडून उठला. झोपायच्या आधी त्याने सगळ्याचा नीट विचार केला. न दिसणारं काही त्याने मानलं नव्हतं आणि मानणारही नव्हता. चाक स्थिर दिसलं, तो प्रकाशाचा खेळ. व्रण उथळ असेल तर केस येतही असतील, तो काही न्हावी नव्हता. सुरकुत्यांचं म्हणाल तर दुसऱ्या कुणाच्या सुरकुत्या भिंगाने पाहिल्या होत्या त्याने? सगळ्यांच्याच तशा असतील. हे पटण्यासारखं होतं. म्हणून त्याने न्हाणीघरात जाऊन, आरशासमोर भिंग लावून स्वतःच्या डोळ्याची कड पाहिली. सुरकुत्या एकमेकींवरून खुशाल आडव्यातिडव्या गेल्या होत्या. उगाच पाहिलं असं त्याला झालं.

बाईंना फोन करावा, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण फोन करून म्हणायचं काय? आपल्याला वेड्यांत काढून घ्यायचं? तो विषय त्याने बाजूला टाकला, आणि त्यानंतरच्या दिवसांत बाजारात तो इतका कडवट वागला, की नेहमीचे लोकही त्याला चुकवू लागले.

मग एका दुपारी दातांचा डॉक्टर आला, चेहऱ्यावर विजयी हसू घेऊन.

"काय पारखीसाहेब, नक्कल म्हणालात ना? मला राहवलं नाही. दुसऱ्या एका जाणकाराला दाखवलं. तो म्हणतो, असा अस्सल नग त्याने आयुष्यात पाहिला नाही."

"घेतलंत तुम्ही ते?"

"अजून नाही. ते गृहस्थच दवाखान्यात घेऊन आले होते. भला माणूस हो. म्हणाले, व्यवहार नंतर, आधी पारखीसाहेबांना पुन्हा एकदा दाखवा. काही राहिलं असेल तर तेच सांगतील, दुसऱ्या कुणाला कळायचं नाही." डॉक्टरने घड्याळ पुढे ठेवलं. "तुमच्याबद्दल फार आदराने बोलत होते."

पारख्याने झाकण उघडलं. स्क्रूच्या खाचांना ओरखडे होते, उजवीकडून, कुठे जुने बोथट, कुठे ताजे. तबकडीवर दोन काट्यांची फिकट, करपलेली सावली पडली होती. झाकणावरचे ओरखडे एकमेकांवरून बेधडक गेले होते. चाक डौलात मागेपुढे झुलत होतं. त्याने उन्हात धरून पाहिलं, दिव्याखाली धरून पाहिलं, सगळी भिंगं लावून पाहिली. डॉक्टर कंटाळून फोनवर बोलू लागला.

कुठेच काही चुकलेलं नव्हतं.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाला. "बोला की. बोलती बंद?"

"त्या माणसाची हनुवटी," पारखी म्हणाला. "खुणेवर केस होते का?"

"मी दात बघतो हो, दाढी नाही. तुम्हाला बरं नाही का? आणि हो, त्यांची मुलगी आलीय म्हणे घरी. मिसेसनीच बोलावून घेतलं. मी म्हटलं, चांगलं झालं."

पारखी उठला तेव्हा पाठीमागे खुर्ची पडली. ती त्याने उचलली नाही.

६

दार त्या दिवशीसारखं बेल वाजायच्या आत उघडलं नाही. बेल वाजली, पावलं आली, मग उघडलं. बाई हसल्या. चेहरा भरल्यासारखा दिसत होता. चांगली झोप झालेल्या माणसाचा चेहरा.

"अगंबाई, तुम्ही! या ना. हे आतच आहेत. त्या दिवशी तुम्हाला उगाच घोळात घेतलं मी. काय काय बोलले! ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले."

पारखी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. वाटेत त्याने ठरवलं होतं, की बाईंचा हात धरायचा, मुलीला हाक मारायची आणि दोघींना खाली घेऊन यायचं. मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणासाठी तरी तीन मजले चढून आला होता. आणि आता समोरची बाई हसत होती, 'हे' म्हणत होती. बरी दिसत होती. कदाचित खरोखरच बरी झाली असेल. गोळ्यांनी होतात माणसं बरी. मान्य करायला काय हरकत होती?

बाईंनी मान वळवून आत हाक मारली, "अहो, पारखीसाहेब आलेत!" तसा जिन्याच्या खिडकीतला उजेड त्यांच्या गालावर पडला, चष्म्यावर पडला.

चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी जाड होती. अशा काचेतून पाहिलं की गालाची रेषा मोडते. काचेबाहेर गाल एका जागी आणि काचेतून मात्र आतल्या बाजूला सरकलेला दिसतो. जो कुणी काचेबरोबर जन्म काढतो त्याला हे सांगावं लागत नाही. बाईंच्या गालाची रेषा काचेबाहेरून काचेत गेली आणि सरळ गेली. त्या काचेला नंबरच नव्हता.

त्याचं तोंड उघडलं. सवयीने. आणि त्याने ते दातांवर दात दाबून मिटलं. बाई त्याच्याकडे वळल्या होत्या. थांबून, डोकं किंचित कलतं करून, त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काही म्हणत होतात?"

"नाही," पारखी म्हणाला. "इकडून जात होतो. सहज."

तो जिना उतरू लागला. दार बंद झाल्याचा आवाज आला नाही. मधल्या वळणावर खालून एक मुलगी वर येत होती, हातात दुधाच्या पिशव्या, खांद्यावर ओढणी कशीतरी टाकलेली. विशीची असेल. त्याला पाहून ती थबकली.

"तुम्हीच का ते? घड्याळं बघणारे काका?"

पारख्याने मान डोलावली.

"आईने फोनवर सांगितलं होतं तुमच्याबद्दल. म्हणाली, त्यांना लगेच कळतं. तेव्हा रडत होती खूप, येऊ नकोस म्हणत होती. मग दुसऱ्या दिवशी परत फोन, ये म्हणून. आता विचारलं तर म्हणते, मी कधी रडले?" मुलीने जिन्यातून वर एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "काका, तुम्ही आता बघितलंत ना तिला? तुम्हाला हसू येईल. पण ती... ती आईच आहे ना?"

पारख्याने वर पाहिलं. कठड्याशी दोघं उभी होती, शेजारी शेजारी. वाकून नव्हे, सरळ. ऐकत होती. नवऱ्याच्या हनुवटीवरची खूण गुळगुळीत चकाकत होती.

काच म्हणालो तर उद्या काचेला नंबर येईल, हे त्याला कळत होतं. काहीही म्हणालो तरी ते उद्या नीट होईल. त्याने मुलीचं मनगट घट्ट पकडलं, इतकं की तिच्या हातातल्या पिशव्या हलल्या. तिला खाली ओढायचं होतं त्याला. डोळ्यांनी तो जिन्याखालचं फाटक दाखवत होता, पुन्हा पुन्हा. आणि वर ऐकू जावं म्हणून मोठ्याने, स्पष्ट, बाजारात कधी काढला नव्हता अशा गोड आवाजात त्याने सांगितलं,

"अस्सल आहे. शंका नको. एकदम अस्सल."

मुलीने एक मोठा श्वास सोडला. तिचे डोळे एकाएकी भरून आले. तिने त्याच्या पकडीवर आपला दुसरा हात ठेवला, दाबला, मग हळूच त्याची बोटं सोडवली. म्हाताऱ्या माणसाचा जिन्यात तोल जात असेल, असं तिला वाटलं असावं.

"थँक यू, काका. सावकाश उतरा हं."

आणि ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. "आई, आले गं!"

"ये," वरून दोघंही एकदम म्हणाली.